आशय व्यवस्थापन प्रणाली

आशय व्यवस्थापन प्रणाली ही संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व अन्य सामग्री न्याहाळकातूनच लिहिण्याची, सुधारण्याची आणि प्रकाशित करण्याची सोय देणारी संगणकप्रणाली आहे. व्यवहारात ती 'सीएमएस' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. एचटीएमएलसारखी संगणकीय भाषा न जाणणाऱ्या व्यक्तीलाही तिच्यामुळे संकेतस्थळ अद्ययावत ठेवता येते. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी ही तिची प्रचलित उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेल्या पहिल्या न्याहाळकात पाने वाचण्याबरोबर ती संपादित करण्याचीही सोय होती. पुढे लोकप्रिय झालेले न्याहाळक मात्र प्रामुख्याने वाचनापुरतेच राहिले. परिणामी, एका ओळीच्या दुरुस्तीसाठीही फाइल उतरवून घेणे, तिच्यातील खुणांना धक्का न लावता बदल करणे आणि ती पुन्हा सर्व्हरवर चढवणे आवश्यक ठरे. माहिती एकाकडे आणि ती बदलण्याचे तंत्र दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केलेल्या 'विकिविकिवेब'ने वाचकालाच पानावर 'संपादन' करण्याची मुभा दिली. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे जलद. द्रुपल २००१ मध्ये आणि वर्डप्रेस २००३ मध्ये आले.

कार्यपद्धती

आशय आणि मांडणी वेगळी ठेवणे हे या प्रणालीचे मूलतत्त्व आहे. मजकूर विदागारात साठवला जातो, तर त्याचे दृश्य रूप साचा ठरवतो. वाचकाने पान मागितले की दोहोंची जुळणी होते. त्यामुळे साच्यात एकदा केलेला बदल सर्व पानांवर उमटतो. प्रणालीत सामान्यतः पुढील सोयी असतात:

• लेखक, संपादक, प्रचालक असे अधिकारांचे स्तर
• प्रकाशनापूर्वी मजकुराची झलक
• प्रत्येक बदलाचा दिनांक व कर्ता नोंदवणारा इतिहास
• चुकीचा बदल उलटवून पूर्वीची आवृत्ती परत आणण्याची सोय

यांपैकी इतिहास आणि उलटवण्याची सोय नवख्या लेखकाला विशेष उपयोगी पडते. हातून काही बिघडले तरी मूळ मजकूर नष्ट होत नाही, हे कळल्यावर लिहिण्याची भीती कमी होते.

मराठीतील उपयोग

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. आरंभीच्या काळात मराठी संकेतस्थळांसमोर तंत्रज्ञानाइतकीच लिपीचीही अडचण होती. विशिष्ट टंकावर अवलंबून असलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर वाचता येत नसे आणि शोधातही सापडत नसे. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण बरीच दूर झाली. मीडियाविकीत अक्षरांतरण किंवा इन्स्क्रिप्ट पद्धतीने थेट न्याहाळकात देवनागरी टंकलेखन करता येते. त्याच्या कळींची व सूचनांची मराठी भाषांतरेही स्वयंसेवकांनी केली आहेत.

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी या गावाच्या उदाहरणावरून अद्ययावततेची गरज स्पष्ट होते. येथील पोलाद प्रकल्प पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. त्या कंपनीतील मोठा हिस्सा घेण्याचा निर्णय जेएसडब्ल्यू स्टीलने डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केला आणि २०१३ मध्ये ती जेएसडब्ल्यूत विलीन झाली. असा बदल गावाच्या पानावर तंत्रज्ञाची वाट न पाहता नोंदवता येतो. जुन्या नावाने शोधणाऱ्या वाचकाला पुनर्निर्देशनाद्वारे योग्य पानावर नेता येते. मराठी विकिपीडियावरील गावांच्या अनेक लेखांत भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे ठरावीक विभाग असतात. गाव जाणणाऱ्याला त्यांत विश्वसनीय संदर्भासह भर घालता येते.

शासकीय संकेतस्थळे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी ठरावीक माहिती स्वतःहून प्रकाशित करणे आणि ती दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. त्यामुळे कार्यालयाचे संकेतस्थळ जुने राहणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसून नागरिकांच्या हक्काचा प्रश्न ठरतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय कार्यालयांसाठी 'एस-थ्री-वास' ही सामाईक सेवा विकसित केली आहे. अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर चालतात. २००९ पासूनच्या शासकीय संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर कोणी द्यावा, तपासावा आणि मंजूर करावा याचे धोरण ठरवणे अपेक्षित आहे.

मर्यादा

संपादनाची सोय झाली म्हणून पान आपोआप अद्ययावत होत नाही. त्यासाठी जबाबदार व्यक्ती व ठरावीक कालांतराने तपासणी आवश्यक असते. एकच खाते व परवलीचा शब्द अनेकांनी वापरल्यास इतिहासातील कर्त्याच्या नावाला अर्थ उरत नाही. कागदाची स्कॅन केलेली प्रतिमा चढवली की प्रकाशन होते, परंतु तिच्यातील अक्षरे शोधात सापडत नाहीत आणि दृष्टिहीनांच्या वाचनप्रणालीलाही ती वाचता येत नाहीत. प्रणाली व तिची जोडसाधने वेळोवेळी अद्ययावत न केल्यास सुरक्षेचा धोका संभवतो. खुल्या विकीवर खोडसाळ बदलांचाही प्रश्न असतो. अलीकडील बदलांवर लक्ष ठेवणारे सदस्य, चर्चापाने आणि आवश्यक तेथे पानाची सुरक्षापातळी वाढवणे हे त्यावरील उपाय आहेत.

हे सुद्धा पहा

• विकी
• मीडियाविकी
• युनिकोड
• मराठी विकिपीडिया