तिळतैलातील खनिज तेल : गॅस क्रोमॅटोग्राफी परीक्षणातील सुधारणा

चरकसंहितेच्या स्नेहाध्यायात सर्व तैलांमध्ये तिळतैल श्रेष्ठ मानले आहे. त्यातच खनिज तेल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, मिसळलेले असेल तर तैलकल्पनेचा पायाच ढासळतो. हे द्रव्य रंगहीन व गंधहीन असल्याने सहज ओळखू येत नाही. ते आतड्यात फारसे शोषले जात नाही. उलट अ, ड, ई व के या जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा आणते. नाकावाटे फुफ्फुसात गेल्यास तेथे दाह उत्पन्न करू शकते.

या भेसळीसाठी होल्डे परीक्षा प्रचलित आहे. अल्कोहोलमधील कॉस्टिक पोटॅशने तेलाचे साबणीकरण करून गरम पाणी घातले असता द्राव गढूळ झाला, तर खनिज तेलाचा संशय घ्यावा. परंतु अत्यल्प प्रमाण या परीक्षेतून निसटते. तेथे गॅस क्रोमॅटोग्राफी उपयोगी पडते.

मात्र तेल थेट यंत्रात सोडू नये. त्यातील ट्रायग्लिसराइड सहज बाष्परूप होत नाहीत व स्तंभ दूषित करतात. यास्तव पुढील सुधारणा आवश्यक आहेत.

१) साबणीकरणानंतर उरलेला अंश हेक्झेनमध्ये घेऊन सिलिका जेलमधून गाळावा. संतृप्त हायड्रोकार्बन प्रथम बाहेर पडतात.

२) स्तंभाचे तापमान स्थिर न ठेवता क्रमाक्रमाने वाढवावे, अन्यथा हलके घटक एकत्र येतात व जड घटक अडकून राहतात.

३) १० ते ४० कर्बाणूंच्या अल्केनांचे ज्ञात मिश्रण आधी तपासावे. ज्वाला-आयनीभवन शोधक समान वजनाच्या अल्केनांना जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतो. जड अल्केनांचा प्रतिसाद घटल्यास दोष बहुधा नमुना सोडण्याच्या भागात असतो.

४) तेलाविना सर्व कृती करून कोरा नमुना तपासावा. द्रावक व प्लॅस्टिकची उपकरणे यांतूनही हायड्रोकार्बन येतात.

आलेख वाचताना विवेक हवा. वनस्पतींतील मेणाचे २७, २९, ३१ अशा विषम कर्बाणूंचे अल्केन टोकदार शिखरे दाखवितात; खनिज तेल रुंद उंचवटा दाखविते. तथापि उंचवटा म्हणजे हेतुपुरस्सर भेसळच, असे नव्हे. तागाच्या पोत्यांना लावलेले खनिज तेल किंवा घाण्याचे वंगणही तिळात उतरू शकते. म्हणून प्रमाण पाहावे व तिळाची साठवणही तपासावी.

फार्मसीचालकांनी केवळ ‘योग्य’ असा शेरा असलेल्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. नमुन्याच्या आलेखासोबत कोऱ्या नमुन्याचा व अल्केन-मिश्रणाचा आलेखही मागावा. हे तीन आलेख शेजारी ठेवल्यावरच अहवालाची विश्वसनीयता ठरविता येते.