तयार प्रकल्प नको, आपल्या बाजाराचा अभ्यास हवा

मुंबई विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एमएमएस अभ्यासक्रमात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रकल्प करावा लागतो. काही विद्यार्थी तो बाहेरून तयार आणून सादर करतात. गुण मिळतात, पण धंदा समजून घेण्याची संधी हातची जाते.

कर्जत-खालापूरच्या मुलामुलींना विषयांची वाण नाही. कर्जतचा तांदूळ, खोपोलीचे कारखाने, द्रुतगती मार्गावरचे फूड मॉल सारे जवळच आहे. घरची बेकरी असली तरी पुरे.

‘बेकरीचा धंदा कसा वाढवावा?’ हा प्रश्न फार मोठा झाला. चांगला मार्गदर्शक तो लहान करून देतो: ‘दुकानांतून रोज किती पाव परत येतात आणि का?’ मग तीन महिने दुकानवार नोंद ठेवायची, कारण शोधायचे, एक उपाय करून पाहायचा आणि पुन्हा मोजायचे. रमजानमध्ये खप बदलतो आणि रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच इंग्रजी महिन्याशी केलेली तुलना फसवू शकते. असे बारकावे तयार प्रकल्पात सापडत नाहीत.

दुकानदाराने दाखवलेला हिशेब ही अमानत आहे. परवानगीशिवाय त्याचे नाव छापू नये, निष्कर्ष जुळावा म्हणून आकडा बदलू नये. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापातल्या लबाडीचा कडक निषेध आहे. आकड्यांचे मापही मापच.

पालकांना आमची विनंती आहे, मुलाइतक्याच विश्वासाने मुलीपुढेही दुकानाची वही उघडा. इन्शाअल्लाह, पदवीबरोबर घरच्या धंद्यालाही बरकत येईल.