गुडघा दुखतोय? आधी एक्स-रे, मग तेल!

गाठ म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. मग एक तर 'कॅन्सरच असणार' म्हणून झोप उडते, नाहीतर 'काही नाही गं, वात आहे' म्हणत आपण तेल चोळत बसतो. जासईत बचत गटाच्या कामासाठी घरोघरी फिरताना मला या दोन्ही तऱ्हा दिसतात. म्हणूनच आज जायंट सेल ट्यूमरविषयी लिहितेय.

सूक्ष्मदर्शकाखाली यात भल्यामोठ्या पेशी दिसतात, म्हणून हे नाव. हाडातली ही गाठ बहुधा विशी ते चाळिशीत होते, बायकांमध्ये थोडी जास्त. म्हणजे ऐन संसाराच्या वयात! जागा बहुतेकदा गुडघ्याजवळची, नाहीतर मनगटाची. सहसा ती कॅन्सर नसते, पण हाड आतून पोखरते. असा गुडघा जोर लावून चोळला, तर हाड मोडूही शकतं.

हिचीच एक नावबहीण स्नायूच्या दोरीवरच्या आवरणात होते. बोटावर हळूहळू वाढणारी, सहसा न दुखणारी टणक गाठ. ती कॅन्सर नसते. छोटी शस्त्रक्रिया करून काढतात.

हाडाच्या गाठीत एक्स-रे, एमआरआय आणि तुकडा तपासणी लागते. 'गाठीला सुई लावली की पसरते' या भीतीने तपासणी टाळू नका. मात्र जिथे शस्त्रक्रिया करायची, तिथेच ती करून घेतलेली बरी. परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ पासून सुरू आहे, हाडांच्या गाठींसाठी वेगळे तज्ज्ञ आहेत. बऱ्याचदा गाठ खरवडून पोकळीत हाडाचं सिमेंट भरतात, पाय वाचतो. शस्त्रक्रिया अवघड असेल तर डेनोसुमॅब हे इंजेक्शन देतात. अमेरिकेत त्याला या आजारासाठी २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ते चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात, हे सुनांना आणि सासवांनाही ठाऊक हवं.

एवढं करून गाठ परत येऊ शकते, क्वचित फुप्फुसातही जाते. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून पुढच्या तपासण्या बुडवायच्या नाहीत.

मुलाला ताप आला तर आपण रात्रीसुद्धा दवाखाना गाठतो. स्वतःचा गुडघा मात्र लग्नसराई संपेपर्यंत, भातकापणी होईपर्यंत थांबतो. मैत्रिणींनो, दोन-तीन आठवडे एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, सूज उतरत नसेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि एक्स-रे काढा. घरातल्या कामाला गुडघा लागतो, हे आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक?