टाचेची शीर सांभाळा

आमचा जव्हार-मोखाड्याचा मुलूख डोंगराचा. इथे पाय चालला तर घर चालते. चैत्र-वैशाखात बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीतून पाणी आणतात. पाऊस पडला की उतारावर नागली-वरईची कामे निघतात. तरुण मुले-मुली पोलीस भरतीसाठी सडकेवर धावतात. या सर्वांचा भार एका शिरेवर असतो. ती कोणती, ते आपण पाहू.

टाचेच्या मागे, थोडे वर, चिमटीत धरून पाहा. दोरासारखे काहीतरी कडक हाताला लागेल. जुनी माणसे तिला धोंडशीर म्हणतात. ही रक्ताची शीर नव्हे. पोटरीचे मांस टाचेच्या हाडाला बांधणारा हा दोर आहे. पोटरी आवळली की दोर ओढला जातो, टाच उचलते आणि पाऊल पुढे पडते. अंगातल्या अशा दोरांत हाच सर्वांत जाड. धावताना त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो.

मग एवढा बळकट दोर दुखतो कशाने? त्याला रक्त कमी मिळते. म्हणून झीज भरून यायला वेळ लागतो. ताण हळूहळू वाढला तर दोर घट्ट होतो. एकदम वाढला तर दुखावतो. भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावायचे असते. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेला मुलगा लगेच घाट चढू लागतो. थोड्याच दिवसांत टाच धरते आणि हातची नोकरी जाते!

आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत पाहा. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०१० साली १०,००० मीटर धावून तिने कांस्यपदक मिळवले. असे पाय एका महिन्यात होत नाहीत. त्याला वर्षांचा सराव लागतो.

तेव्हा एवढे करावे :

१. आधी चालावे, मग सावकाश धावावे. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे.

२. सुरुवात सपाट जागेवर करावी. चढ नंतर.

३. आठवड्यातून एक-दोन दिवस धावण्याला सुट्टी द्यावी.

४. झिजलेल्या चपला-बुटांनी धावू नये.

५. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे. दोन्ही टाचा उचलाव्या. मग एका पायावर भार देऊन टाच सावकाश पायरीखाली न्यावी. दुखऱ्या शिरेसाठी स्वीडनचे डॉ. आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली हाच व्यायाम मांडला : १५-१५ वेळा, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. निरोगी माणसाने थोडा केला तरी पोटरी बळकट होते. दुखणे अगदी हाडाशी असेल तर टाच खाली नेऊ नये. सपाट जमिनीवरच करावे.

सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना शीर आखडली, तर ती पहिली सूचना समजा. तेव्हाच धावणे व ओझे कमी करा. अगदी अंथरूण धरू नका, बेताने चालत राहा. शिरेवर डाग देऊ नका. त्याने कातडी जळते, शीर बरी होत नाही.

आणि धावताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले, फट्कन आवाज झाला, चवड्यावर उभे राहता येईना, तर शीर तुटली असावी. मग चोळत बसू नका. त्याच दिवशी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. वेळेवर उपचार झाले तर तुटलेली शीरही सांधते.

बैलाला आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. आपल्या पायालाही तोच न्याय लावावा.