दडवलेला डबा आणि गाडीतला नकाशा

गेल्या डिसेंबरात आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच, म्हणून त्याचे उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. प्रश्न असा : नवी गाडी घ्यायचीच, तर उपग्रहाच्या मदतीने रस्ता दाखवणारे नेव्हिगेशन आतच बसवलेली घ्यावी, की साधी घ्यावी? दोन्हींच्या किमतींत लाखाच्या वर फरक होता. तो भरून काढायचा तर आईच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागणार होत्या. हा लेख विज्ञानाचा असला, तरी परीक्षेतल्या उत्तरासारखा तो मला लिहिता येणार नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

माझे वडील, म्हणजे आबा, जुन्नर-नारायणगाव वडाप चालवतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. हिवाळ्यात किल्ले पाहायला पाहुणे येतात, तेव्हा त्यांना घेऊन ते फिरतात. अशा पाहुण्यांत अमेरिकेत स्थायिक झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. आबा त्यांना ‘साहेब’ म्हणतात, मी ‘काका’ म्हणते. काकांचे फिरणे मात्र इतरांसारखे नसते. ओढ्याकाठी नाहीतर एखाद्या माळावर ते गाडी थांबवतात आणि दगडांच्या फटींत हात घालून काहीतरी चाचपतात. पहिल्या वर्षी आबांना वाटले, साहेब गुप्तधन शोधताहेत. त्यांनी ते आईच्या कानात सांगितलेही!

ते धन नव्हते, तो एक खेळ होता. त्याचे नाव जिओकॅशिंग. एकाने एखादा डबा कोठेतरी दडवावा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत आणि इतरांनी त्या आकड्यांवरून तो शोधून काढावा. डब्यात एक वही किंवा कागदाची गुंडाळी असते. तिच्यावर नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर तिच्या तोलाची दुसरी वस्तू ठेवायची. डबा कधी फिल्मच्या रिळाच्या डबीएवढा असतो, तर कधी पत्र्याच्या पेटीएवढा.

या खेळाचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. अमेरिकेचे जीपीएस हे उपग्रह-जाळे मुळात लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात तेथील सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही मिसळ बंद करण्यात आली आणि एका रात्रीत सगळ्यांची यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाली. ही अचूकता पडताळून पाहावी म्हणून डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली व तिचे आकडे जाहीर केले. थोड्याच दिवसांत ती दोनदा सापडली. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी या खेळाला जिओकॅशिंग हे नाव सुचवले. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. गंमत अशी, की अल्मरची बादली जमिनीत अर्धवट पुरलेली होती, पण पुढे ठरलेल्या नियमांनुसार डब्यासाठी खड्डा खणता येत नाही. जागेच्या मालकाची परवानगी लागते, डब्यात खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे लागते.

आता ही जागा यंत्राला कळते कशी? वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण मनात आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो. उपग्रहाचे गणित काहीसे तसेच आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. ‘मी येथे आहे, आत्ता इतके वाजले आहेत’ एवढेच ते रेडिओलहरींतून सतत सांगत असतात. लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येते. तिला यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती दूर आहे ते कळते. असे तीन उपग्रह सापडले की जागा ठरते. परंतु आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले, आणि एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘रेंज नाही, म्हणून जीपीएस नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. ते खरे नव्हे. उपग्रह बोलतो आणि फोन फक्त ऐकतो. त्याला मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. गरज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. तो घरीच उतरवून ठेवला, तर माळशेज घाटातही फोन आपले स्थान दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली ते साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असते. कड्याच्या पोटाशी मात्र अर्धे आकाश झाकले जाते, लहरी खडकावर आपटून वाकड्या वाटेने येतात आणि चूक वाढते. म्हणून डबा शोधताना शेवटची काही पावले डोळ्यांनीच शोधावी लागतात.

एवढे सगळे मला आज ठाऊक आहे. डिसेंबरात नव्हते. त्या दिवशी काकांच्या हातातल्या यंत्राचे सेल संपले. त्यांनी आकड्यांचा कागद मला दिला आणि म्हणाले, “तुझ्या फोनवर घाल.” भूगोल हा माझा विषय, मी मोठ्या ऐटीत आकडे घातले. खरे आकडे येथे देत नाही, नाहीतर पुढे शोधणाऱ्याची गंमत जाईल. समजा, अक्षांश १९ अंश १२.५०० मिनिटे असा होता. माझ्या फोनने अंश, मिनिटे व सेकंद वेगवेगळे विचारले. सेकंद साठाच्या आतच असतात एवढे मला माहीत होते. तेव्हा शेवटचे शून्य फालतू समजून सोडून दिले आणि १२ मिनिटे ५० सेकंद असे घातले.

आम्ही ओढ्याच्या पलीकडे जाऊन पोचलो. तासभर दगड उचलून पाहिले. डब्याची खूण ‘जुन्या वडाच्या दक्षिणेकडील मुळांत’ अशी होती. आबा दहा मिनिटांतच म्हणाले होते, “अगं, हितं वडच नाही, तर डबा कसला?” मी म्हटले, “आबा, यंत्र हीच जागा दाखवतंय.” त्यावर ते गप्प बसले. काकांचा गुडघा दुखू लागला, दिवस मावळला आणि आम्ही हात हलवत परतलो. दुसऱ्या दिवशी काकांना परत जायचे होते. वाटेत ते आबांना म्हणाले, “पुढच्या वर्षी नेव्हिगेशन बसवलेलीच गाडी घ्या. माझे दोन मित्रही येतील, दहा दिवसांची गाडी तुमचीच.” जीप जुनी झालीच होती. आबांनी ते मनावर घेतले.

रात्री मी तो कागद पुन्हा वाचला आणि अंगावर काटा आला. १२.५०० म्हणजे साडेबारा मिनिटे, अर्थात १२ मिनिटे ३० सेकंद! अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. मी वीस सेकंद, म्हणजे ६०० मीटरहून अधिक उत्तरेला सर्वांना नेले होते. चूक फोनची नव्हती, जीपचीही नव्हती. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देण्याची पद्धत आहे. एवढी गोष्ट मला ठाऊक असती, तर आबांपुढे हा प्रश्नच आला नसता. पण मी तेव्हा कोणालाच काही बोलले नाही.

जानेवारीत गाड्या पाहायला सुरुवात झाली. नाना, म्हणजे माझे चुलते, म्हणाले, “पोरीला गाडीतलं काय कळतंय?” आबा म्हणाले, “ती शिकतीया. ती सांगंल तसं करू.” हे ऐकून मला अधिकच लाज वाटली. मी वाचनालयात बसून गाडीतील नेव्हिगेशनचा इतिहास वाचून काढला.

गाडीला रस्ता दाखवण्याची धडपड उपग्रहांच्याही आधीची आहे. जपानमध्ये होंडा कंपनीने १९८१ साली एक यंत्र काढले. गाडी कोठे वळली व किती चालली हे मोजून ते पारदर्शक नकाशावर जागा दाखवी. १९८५ साली अमेरिकेत ईटॅक हे यंत्र आले. त्याचे नकाशे गाण्याच्या असतात तशा कॅसेटींवर भरलेले होते. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून ते हिशेब करी. हिशेब थोडा चुके, तेव्हा ‘गाडी म्हणजे रस्त्यावरच असणार’ असे धरून ते आपली खूण जवळच्या रस्त्यावर सरकवी. १९९० मध्ये माझदाच्या एका गाडीत उपग्रहावर चालणारे नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसवून आले. साधने बदलली, परंतु खूण रस्त्यावर सरकवण्याची ती जुनी सवय आजही गाडीतल्या यंत्रांत आहे.

रोजच्या प्रवासाला ती सवय उपकारक आहे. बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले, तरी चाकांच्या हिशेबावर गाडीतले यंत्र चालू राहते. नकाशा त्याच्या पोटातच असेल, तर रेंज लागत नाही. पडदा मोठा असल्याने चालकाची नजरही फारशी हटत नाही. परंतु दडवलेला डबा रस्त्यावर नसतो. यंत्र आपल्याला त्याच्या जवळच्या रस्त्यापर्यंत नेईल आणि ‘पोचलात’ म्हणून मोकळे होईल. मध्ये दरी असली, तर ते ‘जवळ’ चुकीच्या बाजूचेही असू शकते. सरळ रेषेत आठशे मीटर दिसणारी जागा रस्त्याने चौदा किलोमीटर निघते. आणि गाडीतून उतरल्यावर पुढची वाट दाखवायला गाडी काही आपल्याबरोबर चालत येत नाही!

दुकानात मी विक्रेत्याला म्हटले, “यात अक्षांश-रेखांश घालून दाखवा.” त्याने बराच वेळ बटणे दाबली. ते यंत्र फक्त गावाचे व रस्त्याचे नाव घेत होते, आणि आमच्या वाडीचे नाव त्यात नव्हतेच. दुसऱ्या दुकानातल्या गाडीने आकडे घेतले, पण अंश-मिनिटे-सेकंदांतच, म्हणजे माझी डिसेंबरातली चूक तेथेही तशीच झाली असती.

या खेळासाठी जो कोणी गाडी घेईल, त्याने काय पाहावे ते माझ्या अनुभवावरून सांगते. यंत्र आकडे घेते का, आणि कोणत्या पद्धतीने घेते, हे गाडी दारात येण्यापूर्वी स्वतः घालून पाहावे. नकाशा आतच आहे की रेंजवर चालतो, आणि तो पुढे कोणाच्या खर्चाने सुधारला जाणार, हे विचारावे. नवे धरण किंवा नवा रस्ता जुन्या नकाशात नसतो. आपण उभे आहोत तेथील आकडे पडद्यावर दिसतात का, तेही पाहावे. परंतु याहून मोठ्या गोष्टी आबांनी पाहिल्या : गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, जादा चाक पूर्ण मापाचे आहे का, आणि अरुंद रस्त्यावर ती एका दमात वळते का. आबा म्हणतात, “जिथं गाडी वळत नाही तिथं घालायचीच नाही.” हे वाक्य कोणत्याही यंत्रात भरलेले नाही.

परदेशी पाहुणे नेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. केवळ स्थान दाखवणारे यंत्र आणि उपग्रहामार्फत बोलणारा फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परवानगीशिवाय उपग्रह-फोन जवळ बाळगणे आपल्या देशात गुन्हा ठरतो. पाहुण्यांना हे आधीच सांगावे.

असो. पैसे भरण्याच्या आदल्या रात्री आईने पाटल्या काढून रुमालात बांधल्या. तेव्हा मात्र माझ्याने राहवले नाही. मी आबांपुढे कागद ठेवला, साडेबारा आणि बारा-पन्नास असे दोन्ही आकडे लिहून दाखवले आणि म्हटले, “त्या दिवशी मी चुकले. महागातली गाडी घेतली तरी ही चूक व्हायची ती झालीच असती.” नाना काही बोलणार होते, आबांनी त्यांना हातानेच थांबवले. वडापचा हिशेब रोज लिहीत असल्याने आबांना आकडे चांगले कळतात. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “साडेबारा म्हंजी तीस. बरोबर हाय. मग तवा वड नाही म्हटलं, तर ऐकायचं हुतं.” त्यांनी एवढेच बोलून विषय संपवला.

आम्ही साधी गाडी घेतली. फोन ठेवायला पुढे एक पट्टी बसवली. पाटल्या आईच्या हातात आहेत. काकांना मी फोन करून सगळे खरे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “माझं हातातलं यंत्र आणीन, सेल तू आण. पुढच्या डिसेंबरात आधी वडाकडे जाऊ.”

एका रविवारी मी आणि आबा त्या जागी जाऊन आलो. वड होता, दक्षिणेकडच्या मुळांत डबाही होता. कागदाच्या गुंडाळीवर मी नाव लिहिले, त्याखाली आबांनी सावकाश सही केली आणि डबा जागच्या जागी ठेवला. हल्ली आबांच्या खिशात एक लहान वही असते. पाण्याचा नळ, पंक्चरवाला, पावसात वाहून जाणारी मोरी, अशा जागांचे अक्षांश-रेखांश ते फोनवर पाहून तीत उतरवून घेतात. परवा मी ती चाळली. पहिल्याच पानावर ओढ्यापलीकडच्या त्या चुकीच्या जागेचे आकडे होते आणि पुढे दोनच शब्द लिहिले होते : गाडी वळते.