पेटीवरचे गाव आणि पेटीतला आंबा

पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता आणि गोव्याचा रस्ता वेगळे होतात. चैत्र उजाडला की या फाट्याच्या आसपास आणि पनवेल शहराच्या बाजारात आंब्याच्या पेट्यांच्या थप्प्या लागू लागतात, आणि बहुतेक प्रत्येक पेटीवर एक गाव छापलेले असते. ते सहसा देवगड असते, नाहीतर रत्नागिरी. याच दिवसांत कर्नाटकातूनही हापूस मुंबईकडे मोठ्या प्रमाणावर येतो हे सर्वश्रुत आहे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात त्याची आवक उघडपणे होते, त्यात लपविण्यासारखे काही नाही. परंतु घाऊक बाजाराच्या फाटकातून आत गेलेला धारवाडचा आंबा किरकोळ विक्रेत्याच्या मांडणीवर त्या नावाने क्वचितच भेटतो. वाटेत कोठेतरी त्याचे गाव बदलते.

सगळेच विक्रेते असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिढ्यान् पिढ्या एकाच बागायतदाराचा माल आणणारी आणि गिऱ्हाइकाला बागेचे नाव सांगणारी दुकाने पनवेलसारख्या गावांत आजही आहेत. प्रश्न त्यांचाच अधिक आहे, हे पुढे दिसेल.

या लबाडीकडे आपला समाज फार सौम्यपणे पाहतो. दुधात पाणी, मिरचीपुडीत विटेची भुकटी असे काही निघाले की आपण खवळून उठतो. कारण तेथे प्रकृतीचा प्रश्न असतो. येथे कोणाचे पोट बिघडत नाही. आंबा गोड निघाला, मुलांनी खाल्ला, मग तो देवगडचा की धारवाडचा याच्याशी काय कर्तव्य, असा युक्तिवाद सुशिक्षित माणसेही करतात. कायदा मात्र हा भेद करीत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला आणि 2011 पासून तो अंमलात आला. त्यात खोट्या नावाने विकलेल्या अन्नासाठी स्वतंत्र कलम आहे आणि तीन लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सरकारी मराठीत अशा मालाला 'मिथ्याछाप' म्हणतात. शब्द बोजड आहे, पण नेमका आहे. वस्तू विषारी नसेल, तिची छाप खोटी आहे. 2025 च्या मार्चमध्ये राज्याच्या विधानसभेत नकली पनीरची चर्चा झाली, तेव्हाही मुद्दा हाच होता. वनस्पती तेलापासून केलेला पनीरसदृश पदार्थ विकण्यास बंदी नाही. तो पनीर म्हणून विकण्यास आहे.

'आंबा गोड होता ना?' या प्रश्नात एक माणूस विसरला जातो. तो विक्रेता नव्हे आणि गिऱ्हाईकही नव्हे. तो त्या व्यवहाराच्या वेळी हजरच नसतो, कारण तो देवगडात किंवा राजापुरात आपल्या बागेत असतो. मोहोर आल्यापासून तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यावर फवारण्या, अवकाळी पावसाची धास्ती, वानरांची राखण, आणि शेवटी झेल्याने एकेक फळ उतरविण्याची मजुरी, असा त्याचा वर्षाचा खर्च असतो. तो खर्च त्याच्या पेटीच्या भावात उतरतो. शेजारच्या मांडणीवर त्याच गावाचे नाव छापलेली पेटी तीनचारशे रुपयांनी स्वस्त असेल, तर गिऱ्हाईक साहजिकच विचारते, तोच देवगड तेथे कमी भावात मिळतो, मग तुमचाच महाग का? या प्रश्नाला खऱ्या माणसाजवळ उत्तर नसते. खोटी पेटी गिऱ्हाइकाला थोडीशी फसविते, पण बागायतदाराचा भाव पाडते आणि सचोटीच्या दुकानदाराला वेड्यात काढते. एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हौसेने घेतलेली एक पेटी ही त्याच्या पगारातली लक्षात राहण्याजोगी रक्कम असते. तिचा बराचसा भाग तो फळासाठी नव्हे, तर त्या छापलेल्या गावासाठी मोजीत असतो.

आणखी एका माणसाचे नुकसान होते, त्याचा उल्लेख आपल्याकडे कोणी करीत नाही. तो म्हणजे कर्नाटकातील शेतकरी. त्याचा आंबा वाईट नाही. पण दरवर्षी दुसऱ्याच्या नावाने विकला गेल्यामुळे त्याच्या फळाला स्वतःची कीर्ती कधी लाभत नाही. या वादात काही मंडळी प्रांताभिमानाचा सूर लावतात, तो म्हणूनच अनाठायी वाटतो. खुद्द 'हापूस' हा शब्द आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आपल्याकडे आला. कलमे तर माणसाबरोबर प्रवास करीतच आली आहेत.

हा रोग केवळ आपल्याच बाजाराला जडला आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या देशाची शिस्त आपण उठताबसता उदाहरणादाखल देतो, त्या जपानमध्ये 2022 च्या आरंभी असेच एक प्रकरण उघडकीस आले. कुमामोतो हा तेथील किनाऱ्यावरचा प्रांत. तेथला असारी नावाचा शिंपला, आपल्या तिसऱ्यांसारखा, जपानी स्वयंपाकघरात मोलाचा मानला जातो. 2020 साली त्या प्रांतात असारीची प्रत्यक्ष पकड अवघी 21 टन झाली होती. आणि 2021 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत 'कुमामोतोचा' म्हणून देशभर विकला गेलेला माल सरकारी अंदाजाप्रमाणे 2,485 टन होता! चीनमधून शिंपले आणावयाचे, कुमामोतोच्या किनाऱ्यावरील वाळूत थोडे दिवस पसरून ठेवावयाचे, पुन्हा उपसावयाचे आणि पिशवीवर कुमामोतो छापावयाचे, अशी ही रीत होती. प्राणी ज्या ठिकाणी जास्त काळ वाढला ते त्याचे मूळ स्थान लिहावे, असा नियम होता. त्या नियमाची ढाल पुढे करून कागदपत्रांतील कालावधी हवा तसा लांबविता येत असे. प्रांताच्या गव्हर्नरांनी अखेर कुमामोतोच्या असारीची विक्रीच सुमारे दोन महिने थांबविली. खऱ्या कोळ्यांनाही ती झळ सोसावी लागली. मार्च 2022 मध्ये नियम बदलून आयात शिंपल्यावर त्याचा मूळ देश लिहिणे सक्तीचे झाले. पिल्लापासून दीड वर्षाहून अधिक काळ जपानात वाढविल्याचा पुरावा असेल तरच अपवाद.

या प्रकरणात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, लबाडी पकडण्यास गुप्तहेर लागला नाही. प्रयोगशाळेतील तपासणीने तिच्यावर शिक्कामोर्तब केले, परंतु 21 आणि 2,485 हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की बाकी काही सांगावयास उरत नाही. ते इतकी वर्षे कोणी शेजारी लिहिले नव्हते, एवढेच.

जपानचेच त्याआधीचे एक प्रकरण वेगळ्या कारणासाठी आठवते. 2001 च्या सप्टेंबरात तेथे गाईंमध्ये मेंदूचा घातक रोग आढळला आणि शेतकऱ्यांना आधार म्हणून सरकारने देशी गोमांस विकत घेण्याची योजना काढली. स्नो ब्रँड या नामांकित दुग्धउद्योगाच्या एका उपकंपनीने ऑस्ट्रेलियाचे मांस देशी पेट्यांत भरून त्या योजनेतून पैसे उकळले. हे ज्या शीतगृहात घडले त्याचे मालक योइची मिझुतानी यांनी 2002 च्या जानेवारीत ही गोष्ट वृत्तपत्रांना सांगितली. काही महिन्यांत ती कंपनी विसर्जित झाली. पण मिझुतानींचे काय झाले? एकेक गिऱ्हाईक त्यांच्या शीतगृहातून माल उचलून नेऊ लागले. त्या बनावाच्या काळात त्यांच्या शीतगृहाने दिलेल्या खोट्या दाखल्याबद्दल सरकारनेच त्यांच्यावर काही दिवसांची बंदी घातली, आणि धंदा बंद पडला. तो पुन्हा सुरू होण्यास 2004 साल उजाडले. त्याच साली जपानी संसदेने आतून खबर देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. 2006 पासून तो अंमलात आला. तरीही 2007 साल अन्नातील लबाड्यांनी इतके गाजले की, त्या वर्षाचे प्रतीक म्हणून जपानी लोकांनी 'खोटे' या अर्थाचे अक्षर निवडले.

आपल्याकडे पेटी बदलताना कोण पाहतो? ट्रकचा चालक, हमाल, पेट्यांना खिळे मारणारा पोरगा. यांतला कोणी बोलेल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा 2014 चा केंद्रीय कायदा सार्वजनिक सेवकांच्या गैरवर्तनापुरता आहे. खाजगी पेढीवरच्या हमालाला त्याचा उपयोग नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या 95 व्या कलमात गुन्हा शोधण्यास साह्य करणाऱ्याला बक्षीस देण्याची सोय आहे खरी. पण ती किती हमालांच्या कानावर गेली असेल?

म्हणून आकड्यांचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचा समावेश झाला. 1999 च्या ज्या कायद्याखाली हे मानांकन मिळते, त्यात खोटे नाव लावणाऱ्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा लिहून ठेवली आहे. वाचताना धाक वाटतो. मात्र त्याच कायद्याप्रमाणे पोलिसांना माल जप्त करण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याचे मत घ्यावे लागते आणि तपासणारा अधिकारी उपअधीक्षकाच्या दर्जाचा असावा लागतो. आंब्याचा हंगाम तोवर थांबत नाही.

देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात वेगळी वाट धरली. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची, एकदा काढली की पुन्हा न चिकटणारी चिठ्ठी लावण्याचे तिने ठरविले. शेतकऱ्याला या चिठ्ठ्या त्याच्या झाडांच्या आणि उत्पादनाच्या हिशेबाने द्यावयाच्या, असे धोरण ठेवले. खरी कल्पकता चिठ्ठीच्या गोंदात नसून या हिशेबात आहे. बागेत जेवढे फळ, तेवढेच नाव बाजारात. हीच गोष्ट बाजार समित्यांना अवघड नाही. कोणत्या जिल्ह्यातून आणि कोणत्या राज्यातून किती पेट्या आल्या याची नोंद फाटकावर व्हावी, ती रोजच्या रोज प्रसिद्ध व्हावी आणि आवकेची पावती मालाबरोबर किरकोळ दुकानापर्यंत जावी. मग पनवेलच्या गिऱ्हाइकाला हापूसच्या सालीची जाडी बोटाने चाचपून पाहण्याची विद्या शिकावी लागणार नाही.

रायगड जिल्ह्याला तर हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याने घेण्याचे कारण आहे. मानांकनात आपला जिल्हाही आहे. येथल्या बागेतला आंबा हापूस म्हणून अधिकाराने विकला जाऊ शकतो. तरीही तो 'देवगड' छापलेल्या पेटीत गेला, तर तीही मिथ्याछापच. लबाडी नेहमी परराज्यातूनच येते असे नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2021 मध्ये मानांकन मिळाले, तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण वेणी घालून टांगलेला प्रत्येक पांढरा कांदा अलिबागचा नसतो हे ओळखणे घाईतल्या प्रवाशाला शक्य नाही.

खरे नाव लिहिले तर माल खपणार नाही, ही व्यापाऱ्याची भीती मात्र अनुभवाला धरून नाही. कोकणातून नेलेल्या कलमांवर आफ्रिकेतील मलावी देशात हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांचे फळ गेली काही वर्षे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तुर्भ्याच्या बाजारात उतरते. ते 'मलावी हापूस' याच नावाने विकले जाते आणि चांगल्या भावाने विकले जाते. धारवाडच्या आंब्यावर धारवाड लिहिण्याचा प्रयोग आपल्या बाजारात मनापासून कोणी केलेलाच नाही.

तोवर ग्राहकाच्या हाती दोन साधने आहेत. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून एकत्र खरेदीची जी पद्धत घालून दिली, तिने आंबा थेट बागायतदाराकडून मागविता येतो. सोसायटीतल्या दहा बिऱ्हाडांनी मिळून पन्नास पेट्या सांगितल्या की मधली पेटीबदल आपोआप टळते. दुसरे साधन कायद्यातच आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या 40 व्या कलमाप्रमाणे कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेल्या अन्नाचे पृथक्करण अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. नमुना सदोष ठरल्यास ते शुल्क त्याला परत मिळते. आंब्याचे गाव ओळखण्यास हे कलम पुरे पडणार नाही. पण लग्नाच्या पंगतीतले पनीर, डब्यातले तूप आणि बाटलीतला मध यांच्यासाठी ते आजच वापरता येईल.