‘रीड-ओन्ली’ माउंट आणि जर्नलचे लेखन

फाइलमध्ये चार ओळी वाढल्या तरी लिनक्सला डिस्कवर अनेक ठिकाणी लिहावे लागते: मोकळ्या ब्लॉकचा नकाशा, फाइलचा आयनोड (म्हणजे तिच्या माहितीची नोंद) आणि खुद्द मजकूर. मध्येच वीज गेली, तर एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावे लागू शकतो. एक्स्ट२ या जुन्या फाइलसिस्टिमच्या काळात अशा वेळी अख्खी डिस्क तपासावी लागे आणि डिस्क मोठी असेल तर त्यात तास जात. स्टीफन ट्वीडी यांच्या एक्स्ट३ ने यावर जर्नलचा उपाय आणला. २००१ च्या नोव्हेंबरात तो २.४.१५ या कर्नलमध्ये आला.

बदल आधी जर्नलमध्ये उतरतात, शेवटी कमिट ब्लॉक लिहिला जातो, मग ते मूळ जागी जातात. पुढच्या माउंटला कमिट झालेले व्यवहार पुन्हा लिहिले जातात, अर्धवट राहिलेले सोडले जातात. नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा, म्हणजे नकाशा व आयनोडसारख्या नोंदी असतात. त्यामुळे फाइलसिस्टिमची रचना शाबूत राहते. नुकत्याच लिहिलेल्या मजकुराची मात्र हमी नसते.

खरा धोका पुढे आहे. बिघडलेली डिस्क ‘आरओ’ म्हणजे रीड-ओन्ली माउंट केली की तिला धक्का लागत नाही, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. जर्नल शिल्लक असेल तर एक्स्ट३ नंतरची एक्स्ट४ रीड-ओन्ली माउंटमध्येही ते चालवते. रिकव्हरीपुरते लेखन सुरू करत असल्याचे कर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट नोंदवते. हायबरनेट केलेल्या लॅपटॉपची डिस्क लाइव्ह यूएसबीवरून अशी उघडली, तर झोपलेल्या यंत्राच्या मेमरीतले चित्र आणि डिस्क यांचा मेळ तुटतो. ते जागे झाल्यावर फाइलसिस्टिम खराब होऊ शकते. यासाठी ‘आरओ’सोबत एक्स्ट४ ला ‘नोलोड’ आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमला ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय द्यावा लागतो.

डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी तिची प्रतिमा घ्यावी आणि सगळे प्रयोग प्रतिमेच्या प्रतीवर करावेत. ती प्रत साधी माउंट करून जर्नल चालू द्यावे, अनमाउंट करावे, मग ई२एफएससीके हे तपासणी-दुरुस्तीचे साधन चालवावे. चालू, माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर दुरुस्ती कधीही करू नये. ई२एफएससीकेला ‘-एन’ लावून केलेली तपासणी जर्नल वगळते, म्हणून तिने दाखवलेल्या काही चुका जर्नल चालताच नाहीशा होतात. एक्सएफएस रिपेअर जर्नल शिल्लक असताना काम नाकारते आणि आधी माउंट करायला सांगते. ‘-एल’ने ते पुसता येते, पण त्यातले बदल कायमचे जातात. माउंट होतच नसेल, तेव्हाच हा मार्ग घ्यावा.